बसण्णाची किल्ली

मी निपाणीपलीकडच्या एका खेड्यातला. नाव सांगून तुमाला काय कळणार न्हाई, आमच्या बाजूला अर्धी माणसं मराठी बोलत्यात, अर्धी कन्नड, आणि भांडताना सगळी दोन्ही बोलत्यात, असला तो मुलूख. बसा की ताई, ते स्टूल घ्या, खुर्चीचा पाय डुगडुगतोय. पाणी कवा येणार विचारायला आलाय न्हवं? येणार. पंप दुरुस्त हुऊन वीस मिनटं झाली, माझं कुलूप मी काढलंय, हे बगा माझ्या हातात हाय. पण पॅनलला ते दुसरं लाल कुलूप लटकतंय न्हवं, ते बसण्णाचं. बसण्णा जेवायला गेलाय आणि किल्ली त्याच्या खिशात हाय. तो आल्याशिवाय हा मेन स्विच चालू हुणार न्हाई. तुमच्या सेक्रेटरी साहेबांचे तीन फोन आले, नवव्या मजल्यावरच्या मॅडम तर साबण लावून उभ्या हायत म्हणे, मी म्हटलं, राहू द्या उभ्या, मी काय करू. तुमी हसताय, पण मला बसवत न्हाई, म्हणून मी असा उठबस करतोय, तिकडं लक्ष देऊ नका. दुसरी किल्ली करून का घेत न्हाई म्हणताय? सांगतो. लिहून घेताय तर घ्या, पण पुण्याचं शुद्ध करून टाकू नका.

तर माझा बाप इंजिनाचा मिस्त्री. विहिरीवरची तेलाची इंजिनं, पिठाच्या गिरणीचं, उसाच्या चरकाचं, आसपासची सगळी त्याच्याकडं. त्याच्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच हुती, पट्ट्यात गेलती, आणि त्याला काय त्याचं दुःख न्हाई, उलट कोण नवा मिस्त्री गावात आला की बाप त्याच्या हाताकडं बगायचा आणि म्हणायचा, बोटं सगळी शाबूत हायत, म्हणजे पोरगं अजून शिकतंय. सगळे हसायचे, मी बी हसायचो. आता त्या हसण्याचा मला लई राग येतो, बापाचा न्हाई, हसण्याचा. आणि खंडेनवमीला काय हुयाचं, इंजिन रॉकेलनं धुऊन पुसून लखलखीत करायचं, चाकाला झेंडूची माळ घालायची, नारळ फोडला की बाप हँडल मारायचा, आणि इंजिन धडधडायला लागलं की ती माळ तुटून फुलं चौफेर उडायची, आमी पोरं ती झेलायला पळायचो. बंद इंजिनाची पूजा म्हणजे काय पूजा, असं बाप म्हणायचा. हे ध्यानात ठेवा ताई, हे मी उगंच सांगत न्हाई.

आयटीआय केली आणि बेंगळूरला आलो. चामराजपेटेत आमच्या चुलतभावाचं लेथचं बारकं दुकान हुतं, तितं माळ्यावर राहायचो. मराठी बोलताना ऐकलं की हितली माणसं विचारायची, मुंबईवाले का, मी म्हणायचो, न्हाई वो, तुमच्याच राज्यातला, तर त्यांचा विश्वास बसायचा न्हाई, आणि गावाकडं गेलो की माझ्या तोंडात सरी, म्हणजे बरं, आणि स्वल्प, म्हणजे जरासं, असलं ऐकून आई म्हणायची, पोरगं वाटेतच कुठंतरी सांडलं. असू दे. मग होसूर रोडला, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढं, पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या एका फॅक्टरीत मी मेंटेनन्सला लागलो आणि तितंच सतरा वर्षं काढली. तुमच्याकडं मोबाइल येतो, औषधं येत्यात, ती खोकी, तसली. त्यातलं मोठं मशीन म्हणजे कागदाला लाटा पाडायचं, दोन दातेरी रोलर एकात एक बसलेले, माणसाच्या मांडीएवढे जाड, कागद मधून जातो आणि वळ्या घेऊन बाहेर येतो. ते मशीन चालू असताना त्याच्याकडं बगत राहिलं तर झोप येती, इतकं ते एका लयीत फिरतं.

बसण्णा तितंच भेटला. हावेरीकडचा, माझ्याच वयाचा, माझ्यापेक्षा दोन वर्षं आधी लागलेला. काय सांगू तुमाला, हाताला डोळे हुते त्याच्या. मशीनच्या अंगावर तळवा ठेवायचा आणि सांगायचा, डावीकडचं बेअरिंग आठ दिवसांत जाणार, आणि आठव्या दिवशी जायाचं. मी मराठीत शिव्या द्यायचो, तो कन्नडमध्ये द्यायचा, डबा एकत्र खायाचो, त्याची ज्वारीची रोट्टी मला आणि माझ्या बायकोची, सुनंदाची, शेंगदाण्याची चटणी त्याला. बारा वर्षं असं. त्याच्या मुलीच्या बारशाला पाळणा मी टांगला, हुक मीच मारला छतात.

मग ती कुलपं आली. एक मोठी कंपनी आमच्याकडनं खोकी घ्यायची, त्यांचे साहेब फॅक्टरी तपासायला आले आणि म्हणाले, हितं दुरुस्ती करताना मशीन बंद ठेवायची काय सोय हाय? आमी म्हटलं, ओरडून सांगतो की. त्यांनी वहीत कायतरी लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात प्रत्येक फिटरला एकेक लाल कुलूप आलं, ज्याच्या त्याच्या कुलपाला एकच किल्ली, आणि एक पत्र्याची पट्टी, जिच्यात एकाच स्विचला पाच-सहा कुलपं लावता येत्यात. नियम साधा. मशीनला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद करायचा आणि जो जो हात घालणार त्यानं आपापलं कुलूप लावायचं. काम झालं की आपलं आपणच काढायचं. आणि शेवटचं कुलूप काढणाऱ्यानं मशीनला एक फेरी मारायची, मागं-पुढं बगायचं, माणसांना नावानं हाक मारायची, मग स्विच. शिकवायला आलेला साहेब लई चांगला हुता, त्यानं आमाला एकमेकांच्या किल्ल्या मागायची सुद्धा बंदी केलती.

आता आमची जात बगा. कुलूप इतकं मजबूत हुतं की सहा महिन्यांत निम्मी कुलपं घरी गेली. कोणाच्या पेटीला, कोणाच्या गच्चीला. बसण्णाची मुलगी हायस्कूलला जायला लागली, तिला सायकल घेतली, आणि बसण्णानं आपलं लाल कुलूप सायकलीला लावून टाकलं. मी म्हटलं, अरे तुझं कुलूप? तर म्हणाला, तुझं हाय की, आपण दोघं एकाच मशीनवर असतो, एकाला दोन कशाला. मला बी ते पटलं, खोटं कशाला सांगू, बरं सुद्धा वाटलं. माणूस आपल्यावर एवढा भरवसा ठेवतो म्हटल्यावर छाती फुगतीच. तेव्हापासनं आमा दोघांचं मिळून एक कुलूप, माझं.

थांबा, फोन. व्हय साहेब. न्हाई साहेब, आला न्हाई अजून. जेवतोय. सरी, सरी.

बगा, चौथा.

तर हितं आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, किती जोरात असती ते तुमी बगितलंयच, रिक्षासुद्धा केळीच्या खांबात दिसत न्हाई. फॅक्टरीत तर दिवाळीपेक्षा मोठी. प्रत्येकानं आपापलं मशीन धुवायचं, कुंकू लावायचं, झेंडूची माळ, दारात कोहळा फोडायचा, सगळ्यांना कडलेपुरी, म्हणजे चुरमुरे आणि डाळं, आणि मिठाईचा डबा. आणि शेवटी मालकांच्या आईनं, सगळे अम्मा म्हणायचे त्यांना, मोठ्या मशीनचं हिरवं बटण दाबायचं. मशीन मिनिटभर फिरवून बंद. मग घरी. माझ्या बापाचंच, फक्त मोठं.

त्या वर्षी पूजेच्या आदल्या दिवशी मशीनचं बेअरिंग गेलं. आमी दोघं पूजेच्या सकाळी साडेसहाला आलो, मेन बंद केला, माझं कुलूप लावलं, आणि दहापर्यंत नवं बेअरिंग बसवलं. रोलरमधी हात जाऊ नये म्हणून असती ती मागच्या बाजूची जाळी तेवढी लावायची राहिलती, चार बोल्टचं काम. तवर केळीचे खांब आले, भटजी आले, आणि मॅनेजर धावत आला, अण्णा, आवरा, अम्मांची गाडी गेटात हाय, जाळी पूजेनंतर लावा. बसण्णा हात धुऊन आला, मी आलो, सगळ्यांनी चपला काढल्या, माणसं रांगेत उभी राहिली. मॅनेजरची नजर पॅनलवर गेली. म्हणाला, हे कुलूप काढा आधी, पूजेच्या दिवशी मशीनला कुलूप, बँकेनं जप्ती आणल्यागत दिसतंय, अम्मा काय म्हणतील. आणि अम्मा बटण दाबणार कसं?

मॅनेजरला दोष दिला तर तुमाला पटंल आणि मला बी सोपं जाईल. पण खरं सांगायचं तर मला आत कुठंतरी तेच पाहिजे हुतं. इतक्या झेंडूच्या माळा, उदबत्तीचा वास, आणि मशीन गप्प, हे मला बी बगवत न्हवतं. मी किल्ली काढली. बसण्णा माझ्यासमोर हात जोडून, डोळे मिटून उभा हुता, मी बगितलं त्याला, या डोळ्यांनी बगितलं. कुलूप काढलं, खिशात टाकलं, मेन वर केला. आता फेरी मारायची हुती न्हवं मशीनला? नियम. मागच्या बाजूला फरशीवर ग्रीस सांडलेलं हुतं, सकाळी आमीच सांडलेलं, आणि मी पूजेला अनवाणी. पाय बरबटतील आणि तसाच पूजेत उभा राहू काय, म्हणून मी गेलो न्हाई. एवढंच. वीस पावलं असतील.

आणि बसण्णा गेला. तो बी अनवाणीच, पण त्याला ग्रीसचं काय न्हाई. दर वर्षी तो आपल्या हातानं रोलरला कुंकू लावायचा, पुढनं न्हाई, मागनं, जिथं तो तळवा ठेवून मशीनची तब्येत बगायचा तितं. आरती संपत आली आणि त्याला आठवण झाली, कुंकवाची वाटी घेऊन तो मागं गेला. जाळी न्हवतीच. आरती संपली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, अम्मांनी हिरवं बटण दाबलं.

लाल बटण मीच दाबलं, कसा पोचलो माहीत न्हाई. पण रोलर थांबला म्हणून हात सुटत न्हाई, ताई. वरचा रोलर उचलायला बेअरिंग ढिलं करावं लागतं. तेच बेअरिंग, जे आमी दोघांनी सकाळी घट्ट बसवलेलं, ते मी स्पॅनरनं ढिलं करत हुतो आणि बसण्णा मला सांगत हुता, घाई करू नको, उलटा फिरवतोयस, डावीकडं फिरव. ओरडत न्हवता. मला शिकवत हुता. तुमी पाणी पिताय? प्या, त्या माठातलं प्या, ते पंपाचं न्हाई.

उजवा हात मनगटापासनं गेला. अम्मा परत कधी फॅक्टरीत आल्या न्हाईत, त्यांनी सहा महिने जेवणात मीठ घेतलं न्हाई म्हणे, खरं-खोटं देव जाणे.

मग सरकारी इन्स्पेक्टर येणार म्हटल्यावर मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं आणि एक कागद पुढं केला. कन्नडमध्ये लिहिलेला. मला कन्नड वाचता येत न्हाई असं म्हणायची सोय माझ्याकडं न्हवती, मी शाळा कन्नडच शिकलोय. लिहिलं हुतं की काम पूर्ण झालेलं, जाळी लावलेली, मी सगळ्यांना बाजूला केलं, हाका मारल्या, आणि बसण्णानं स्वतःचं कुलूप न लावता, स्वतःच्या हलगर्जीपणानं, जाळी काढून हात घातला. मॅनेजर म्हणाला, त्याचं कुलूप कुठं हुतं विचारतील, ते सायकलीला सापडलंय, मग तुमी कशाला मधी पडताय, तुमचं घर हाय, नोकरी हाय, आणि सुपरवायझरची जागा रिकामीच हाय. मी सही केली. विचार करायला वेळ मागितला न्हाई. झटकन केली, फेरी न मारता.

मला निळा शर्ट मिळाला. सुपरवायझर. त्या शर्टात मला गरम व्हायचं. घरी आलो की गॅसचं बटण बगायचो, मग पुन्हा जाऊन बगायचो, मग पंख्याचा स्विच, मग सुनंदा मिक्सर लावायला लागली की मी धावत जाऊन प्लग काढायचो. ती म्हणाली, काय झालंय तुमाला, एक तर बसा न्हाईतर घराबाहेर जावा. मी बाहेर जायचो आणि चालत राहायचो. अजून तसंच हाय, तुमी बगितलंय, वॉचमन मला फिरता पंखा म्हणत्यात.

बसण्णाच्या घरी जायाचं टाळत हुतो. आजारी माणसाला विश्रांती पाहिजे, असं मीच मला सांगायचो. पाच महिन्यांनी गेलो. डाव्या हातानं सही गिरवत बसला हुता, वहीभर. म्हणाला, मला नुसतं एकच कळत न्हाई, तू हाक मारलीस म्हणे, मला ऐकू कशी आली न्हाई, कानात काय गेलतं माझ्या. पाच महिने तो माणूस स्वतःच्या कानाला दोष देत बसला हुता. त्याची बायको रोट्टी घेऊन आली, तर त्यानं ताट आत न्यायला सांगितलं. तुमाला कळंल, आपल्यात डाव्या हातानं जेवण म्हणजे काय ते. तो लग्नाला जायचा बंद झालता, पंगतीला बसायचा बंद झालता, मुलीसमोरसुद्धा जेवायचा न्हाई. मी काय केलं, माझा उजवा हात मांडीखाली घातला आणि डाव्या हातानं रोट्टी मोडायला लागलो. तो भडकला. नाटक करू नको म्हणाला, तुझा हात हाय, त्यानं जेव.

तवा मी सांगितलं. हाक मारली न्हाई, फेरी मारली न्हाई, कुलूप काढलं मी, आणि सही बी केली.

त्यानं सहीची वही मिटली. मग कन्नडमध्ये एक वाक्य बोलला, मराठीत ते असं हुईल: मी मशीन बगून हात घातला न्हाई, कुलूप तुझं हाय एवढंच धरून घातला. आणि मला म्हणाला, जा आता.

मी गेलो. दोन दिवस तसाच. तिसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात जाऊन जबाब बदलला. तिथला माणूस म्हणाला, हे लिहिलं तर तुमच्यावर सुद्धा येईल, ठाऊक हाय न्हवं? म्हटलं, ठाऊक हाय, लिहा, सगळं लिहा, अनवाणी हुतो ते बी लिहा. ते हसले, ते काय त्यांनी लिहिलं न्हाई. आठवड्यात माझी नोकरी गेली, निळा शर्ट परत मागून घेतला. बसण्णाच्या कागदावरचा हलगर्जीपणा खोडला गेला आणि त्याचं जे काय कायद्यानं हुतं ते त्याला मिळालं, उशिरा मिळालं. माझ्यावर दोन वर्षं चौकशी चालली, मग ताकीद देऊन सोडलं. सुनंदा त्या काळात शिवणावर घर चालवत हुती, एक शब्द बोलली न्हाई मला, हे सांगायचं राहू नये.

मग तुमच्या ह्या सोसायटीत पंप आणि जनरेटर बगायला लागलो. वर्ष झालं असंल, एक दिवस गेटवरनं वॉचमनचा फोन, कोणतरी भेटायला आलंय. बसण्णा. उजव्या बाहीच्या टोकाला पंजा न्हाई, डाव्या हातात पिशवी. घरी बसून वेड लागायची पाळी आली म्हणाला, काम हाय का? मी सेक्रेटरी साहेबांच्या पाया पडायचाच बाकी राहिलो. ते म्हणाले, एका हाताचा माणूस काय करणार? मी म्हटलं, साहेब, पंप कुठं दुखतोय ते हात लावून सांगणारा माणूस तुमाला सगळ्या बेंगळुरात मिळणार न्हाई, आणि डावा तळवा बी तळवाच हाय. ठेवून घेतलं. आजचं सुद्धा त्यानंच सांगितलं, पट्टा न्हाई, आतली सील गेलीय. खोललं तर सीलच.

पहिल्या दिवशी त्यानं पिशवीतनं ते लाल कुलूप काढलं. मुलीच्या सायकलीचं. मुलगी आता बँकेत हाय, स्कूटरवर जाती. कुलूप माझ्यासमोर ठेवून म्हणाला, तुझ्या कुलपावर मी आता काम करणार न्हाई, माझं मी लावणार आणि माझं मीच काढणार. मी म्हटलं, सरी. एवढ्यात मिटलं. त्याबद्दल नंतर आमी कधी बोललो न्हाई, चार वर्षं झाली.

दुसरी किल्ली करून घ्या म्हणत्यात सगळे. तुमी बी म्हणालात. कुलूपवाला गेटाच्या बाहेरच बसतो, पाच मिनटांचं काम. आणि गेल्या आयुधपूजेला तुमच्या कमिटीचे लोक माळा घेऊन आले, पंप तेव्हा खोललेला, म्हणाले, अण्णा, पूजेपुरती कुलपं काढा, फोटोत वाईट दिसतंय. मी पॅनलच्या पुढं आडवा उभा राहिलो, ताई. बसण्णा बाजूला भिंतीला टेकून माझ्याकडं बगत राहिला, हा काय करतोय म्हणून. मी म्हटलं, कुलपं निघणार न्हाईत, पूजा करायची तर कुलपांची करा. त्यांना राग आला, पण त्या भटजींनी दोन्ही कुलपांना कुंकू लावलं, गुमान. बगा, अजून खाचेत थोडं राहिलंय.

तो आता जनरेटरच्या मागं जेवत असंल. एकटाच जेवतो, माझ्यासमोर सुद्धा न्हाई. डाव्या हाताला अजून सवय न्हाई, भात सांडतो, वेळ लागतो. मी बोलवायला जात न्हाई. नववा मजला काय म्हणायचं ते म्हणू दे.

तो बगा आला. हात धुतोय. आता बगा हं, मी काय बोलणार न्हाई. मी हितं जरा लांब उभा राहतो. तो आधी पंपाला एक फेरी मारणार. मग माझं नाव घेऊन हाक मारणार, मी समोर उभा असलो तरी मारणार, आणि मी व्हय म्हणायचं. मग किल्ली काढणार.

चार वर्षं मी असा हात पुसून उभा राहतो. एकाच हातानं कुलूप धरायला आणि त्याच हातानं किल्ली फिरवायला त्याला त्रास हुतो, ते मला बगवत न्हाई. कधीतरी म्हणंल, घे, तू काढ. म्हणत न्हाई. नको म्हणू दे. त्याचं बरोबर हाय.

व्हय, बसण्णा. हितंच हाय मी.

जावा ताई वर, नळ सोडून ठेवा, आधी हवा येईल, मग थोडं गढूळ येईल, ते जाऊ द्या. मग स्वच्छ येईल. सुखात राहा.